अग्निबाणाचा एकाकी उपासक : रॉबर्ट गॉडर्ड

दिवाळीच्या रात्री बाटलीत उभा करून उडविला जाणारा बाण मराठी घरांना चांगला परिचित आहे. त्याच नावाचे शस्त्र एके काळी मराठ्यांच्या आणि म्हैसूरकरांच्या फौजांत होते. हैदर अली व टिपू यांच्या सैन्यातील लोखंडी नळीच्या बाणांनी इंग्रजांना इतके सतावले, की १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथील बाण मुद्दाम इंग्लंडला नेण्यात आले, आणि त्यांच्या अभ्यासातून विल्यम काँग्रीव्ह यांनी आपले अग्निबाण सिद्ध केले. १८१४ मध्ये इंग्रज आरमाराने ते अमेरिकेतील बाल्टिमोरच्या किल्ल्यावर सोडले. त्या रात्रीच्या अग्निबाणांचा उल्लेख अमेरिकेच्या राष्ट्रगीतात आजही आहे. पुढे तोफा सुधारत गेल्या, त्यांचा पल्ला व नेम वाढला आणि बाण मागे पडला. विसावे शतक उजाडले तेव्हा शोभेची दारू आणि संकटात सापडलेल्या जहाजाचा इशारा, एवढेच त्याचे काम उरले होते.

या उपेक्षित वस्तूत मनुष्याला पृथ्वीबाहेर नेण्याचे सामर्थ्य आहे, हे गणिताने मांडणारे रशियाचे त्सिओल्कोव्हस्की १९०३ मध्येच होऊन गेले. परंतु ते हाताने घडवून, पेटवून आणि उडवून दाखविणारा पहिला मनुष्य अमेरिकेतील एका लहान विद्यापीठाचा प्राध्यापक होता. त्याचा अंत झाला तोही बाल्टिमोर शहरातच, १९४५ साली. मधल्या काळात त्याच्या हातून जे घडले ते थक्क करणारे आहे. जे घडू शकले असते आणि घडले नाही, तेही तितकेच विचार करायला लावणारे आहे.

रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर या गावी झाला. वडील नॅहम यांचा यंत्रांना लागणाऱ्या पात्यांच्या धंद्याशी संबंध होता आणि खटपटी करून नवे काही बनविण्याचा त्यांना नाद होता. आई फॅनी प्रकृतीने नाजूक होती. धाकटा भाऊ तान्हेपणीच गेल्यामुळे रॉबर्ट एकुलता एक वाढला. तो तान्हा असतानाच कुटुंब बॉस्टनला गेले. परंतु आईला क्षयाची बाधा झाल्यामुळे १८९८ मध्ये सर्वांना वुस्टरला परतावे लागले. रॉबर्टही सतत आजारी असे. शाळा बुडे, आणि वर्गातील मुलांच्या तो दोन वर्षे मागे पडला. अंथरुणात पडून राहणाऱ्या मुलाला पुस्तकांचा आधार असतो. त्यालाही तो होता. विज्ञानाची पुस्तके त्याने अधाशासारखी वाचली, आणि त्याच वर्षी बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात क्रमशः येणारी एच. जी. वेल्स यांची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी त्याच्या हाती पडली. त्या कथेने त्याच्या मनाचा कायमचा कब्जा घेतला. पुढे पन्नाशीला पोचल्यावर गॉडर्ड यांनी वेल्सना पत्र लिहून या ऋणाचा उल्लेख केला होता.

१९ ऑक्टोबर १८९९ हा दिवस त्यांच्या चरित्रातील सर्वांत प्रसिद्ध दिवस होय. घरामागील चेरीच्या उंच झाडावर वाळलेल्या फांद्या छाटण्यासाठी सतरा वर्षांचा रॉबर्ट चढला होता. खाली पसरलेल्या शेताकडे पाहता पाहता, येथून उडून थेट मंगळावर जाऊ शकेल असे एखादे यंत्र करता आले तर, ही कल्पना त्याच्या मनात उभी राहिली. झाडावर चढलेला मुलगा आणि खाली उतरलेला मुलगा एकच नव्हते, अशा आशयाची नोंद त्यांनी पुढे केली आहे. ही तारीख त्यांनी जन्मभर पाळली. एखाद्याने दीक्षेचा दिवस पाळावा तशी निष्ठा त्यात होती. १९३८ च्या वादळात ते झाड उन्मळून पडले तेव्हा त्याची नोंदही त्यांच्या दैनंदिनीत झाली.

शालान्त शिक्षण १९०४ मध्ये संपले. १९०८ साली वुस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेतून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ते गावातीलच क्लार्क विद्यापीठात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांना तेथे डॉक्टरेट मिळाली. पुढील वर्षी प्रिन्स्टनला संशोधनाची संधी लाभली. दिवसा विद्युत्शास्त्राचे प्रयोग आणि रात्री अग्निबाणाचे गणित, असा क्रम सुरू झाला; पण १९१३ च्या आरंभी आईचा रोग मुलात प्रकट झाला. दोन्ही फुप्फुसांना क्षयाने ग्रासले होते. फार तर दोन आठवडे, असे डॉक्टरांचे निदान होते. गॉडर्ड वाचले, परंतु त्यानंतर त्यांची प्रकृती कधीच निकोप राहिली नाही, आणि हाताशी वेळ थोडा आहे ही जाणीवही त्यांना कधी सोडून गेली नाही. रोगशय्येवरून उठता उठता त्यांनी पेटंटचे अर्ज लिहून काढले. जुलै १९१४ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने त्यांना दोन पेटंटे मिळाली. पहिले होते एकावर एक टप्पे रचलेल्या, खालचा जळून संपला की गळून पडणाऱ्या अग्निबाणाचे. दुसऱ्यात द्रवरूप इंधनाची योजना होती. पुढे चंद्राकडे जे जे गेले ते या दोन कल्पनांचा अवलंब करूनच गेले.

क्लार्क विद्यापीठात अध्यापक झाल्यावर १९१५ पासून त्यांनी मोजमापांना हात घातला. बाजारात मिळणाऱ्या दारूच्या बाणात जळणाऱ्या दारूची जेमतेम दोन टक्के शक्ती गतीच्या कामी येते, बाकी सारी वाया जाते, असे त्यांना आढळले. त्यांनी पोलादी ज्वलनकक्ष बनविला आणि त्याच्या तोंडाला, वाफेच्या टर्बाइनसाठी द लाव्हाल या स्वीडिश अभियंत्याने वापरलेली, मध्ये आवळलेली व पुढे रुंदावत जाणारी नळी बसविली. कोंडलेला वायू तिच्यातून प्रचंड वेगाने, सेकंदाला सात हजार फुटांहून अधिक गतीने, बाहेर पडू लागला आणि दोन टक्क्यांचे प्रमाण चाळिसाच्याही वर गेले. याहून महत्त्वाचा प्रयोग निर्वात नळीतला होता. बाण मागच्या हवेला ढकलून पुढे जातो अशी सर्वसाधारण समजूत होती, आणि त्यामुळे हवा नाही तेथे तो निरुपयोगी ठरेल असे शिकलेले लोकही मानीत. वस्तुतः बाणाला पुढे ढकलणारी शक्ती ही त्यातून मागे फेकल्या जाणाऱ्या वायूचीच प्रतिक्रिया असते. तिला हवेच्या टेकूची गरज नसते. गॉडर्ड यांनी हवा काढून घेतलेल्या नळीत लहान ज्वलनकक्ष उडवून पाहिला. रेटा कमी झाला नाहीच, उलट वाढला. न्यूटनचा तिसरा नियम त्यांनी असा तागडीत घालून दाखविला.

स्वतःच्या पगारातून हे पुढे चालणे शक्य नव्हते. १९१६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेला पत्र लिहिले, आणि पुढील जानेवारीत संस्थेने पाच हजार डॉलर मंजूर केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. इतक्यात अमेरिका महायुद्धात उतरली. गॉडर्ड यांनी सैन्यासाठी खांद्याजवळ धरून नळीतून सोडता येणारा हलका अग्निबाण तयार केला आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये ॲबर्डीनच्या मैदानावर अधिकाऱ्यांना तो उडवून दाखविला. नळीला टेकू म्हणून वादकाची स्वरलिपी ठेवण्याची घोडी वापरली होती. प्रयोग यशस्वी झाला आणि थोड्याच दिवसांत युद्ध संपले. कागद बासनात गेले. या कामातील त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हिकमन यांनी दुसऱ्या महायुद्धात सैन्याला त्या नळीची आठवण करून दिली, आणि रणगाडे फोडणाऱ्या ‘बझूका’चे मूळ तेथे सापडते.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकते. सूर्य थंड होईल तेव्हा मानवजातीने दुसऱ्या ताऱ्यांकडे कसे स्थलांतर करावे, याविषयीचे टिपण त्यांनी जानेवारी १९१८ मध्ये लिहिले, आणि ते एका लिफाफ्यात बंद करून, आत आरशाला कल्हई करण्याची सूत्रे आहेत असे वरून लिहून ठेवले. तोवर कोणीही त्यांची थट्टा केलेली नव्हती. म्हणजे मन मिटून घेण्याची सवय मूळचीच होती. पुढील घटनांनी ती पक्की केली.

संशोधनाचा अहवाल स्मिथ्सोनियनने १९१९ चा म्हणून छापला आणि जानेवारी १९२० मध्ये तो लोकांपुढे आला. अतिउच्च वातावरणापर्यंत पोचण्याची एक पद्धती, अशा रूक्ष नावाची ती ६९ पानांची पुस्तिका होती. वातावरणाच्या वरच्या थरांत उपकरणे कशी पाठवावीत, हा तिचा विषय. शेवटी केवळ उदाहरण म्हणून गॉडर्ड यांनी लिहिले होते, की पुरेसा मोठा अग्निबाण चंद्रापर्यंतही जाईल, आणि त्याच्या काळ्या भागावर लखलखणारी पूड पेटवून दिल्यास तो उजेड दुर्बिणीतून पृथ्वीवर दिसेल. वृत्तपत्रांनी बाकीचे सारे सोडून एवढेच उचलले. चंद्रावर बाण सोडणारा प्राध्यापक म्हणून त्यांचे नाव देशभर झाले. प्रवासी म्हणून जायला तयार असल्याची पत्रे लोकांनी पाठविली. १३ जानेवारीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तर संपादकीय स्तंभात, निर्वातात ढकलायला काहीच नसते हे या प्राध्यापकांना कसे ठाऊक नाही, शाळकरी मुलांना रोज शिकविले जाणारे ज्ञानही त्यांच्यापाशी नाही की काय, असा टोला मारला. चूक लिहिणाऱ्याची होती, आणि निर्वात नळीतल्या प्रयोगाचे आकडे त्याच पुस्तिकेत छापलेले होते. वाचण्याआधी हसण्याचा हा प्रकार पुष्कळांनी विसरून सोडून दिला असता. गॉडर्ड यांनी ते कात्रण जपून ठेवले. त्यांनी वृत्तपत्रांना सौम्य शब्दांत खुलासा केला आणि मग पडदा ओढून घेतला.

यानंतरची सहा वर्षे द्रवरूप इंधनाशी झुंजण्यात गेली. दारूचा बाण एकदा पेटला की त्यावर ताबा राहत नाही, आणि वजनाच्या मानाने त्यातून मिळणारी शक्तीही थोडी. पेट्रोल आणि द्रवरूप प्राणवायू यांच्या संयोगात ती कितीतरी अधिक. परंतु प्राणवायू द्रवरूप राहतो तो शून्याखाली १८३ अंशांवर. एका टाकीत ही थंडी, तिच्याजवळच्या कक्षात पोलाद वितळवणारी आग, दोघांना जोडणाऱ्या पातळ नळ्या, आणि सारे उचलता येईल इतके हलके: असा हा पेच होता. या काळात त्यांना एक साथ लाभली. विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कार्यालयात काम करणाऱ्या एस्थर किस्क यांच्याशी २१ जून १९२४ रोजी त्यांचा विवाह झाला. गॉडर्ड ४१ वर्षांचे होते, एस्थर २३ च्या. हस्तलिखितांचे टंकलेखन, प्रयोगांची छायाचित्रे, आणि बाण पडून गवत पेटले की ते विझविणे, ही सर्व कामे पुढील वीस वर्षे एस्थरनी केली.

१६ मार्च १९२६. वुस्टरजवळच्या ऑबर्न गावी गॉडर्ड यांच्या नात्यातील एफी वॉर्ड या आत्याबाईंचे शेत होते. जमिनीवर बर्फ होते. तेथे नळ्यांच्या सांगाड्यासारखी दिसणारी, माणसाहून उंच अशी एक वस्तू उभी करण्यात आली. तिचा ज्वलनकक्ष वरच्या टोकाला आणि टाक्या खाली होत्या. अशाने ती सरळ जाईल असा गॉडर्ड यांचा समज होता आणि तो पुढे त्यांनीच सोडून दिला. गॉडर्ड, एस्थर, कारागीर हेन्री सॅक्स आणि सहकारी प्राध्यापक पर्सी रूप, एवढी चारच माणसे हजर होती. दुपारी अडीचच्या सुमारास सॅक्स यांनी लांब दांड्याला बांधलेल्या दिव्याने वरचे टोक पेटविले. ज्योत आली, आवाज सुरू झाला, पण बाण जागचा हलेना. आतील इंधन जळून वजन रेट्याहून कमी झाले तेव्हा कुठे तो उचलला गेला, आणि मग वेगाने वर जाऊन, डावीकडे वळून, कोबीच्या वाफ्यात पडला. उड्डाण अडीच सेकंदांचे, उंची ४१ फूट, अंतर १८४ फूट. एस्थरच्या चलच्चित्र कॅमेऱ्याची किल्ली सात सेकंदांतच उतरल्यामुळे या उड्डाणाचे चित्रण झालेच नाही. उरले आहे ते उड्डाणापूर्वीचे एक छायाचित्र: जाड कोट घातलेला, टकलाकडे झुकलेला एक मनुष्य, एक हात सांगाड्यावर ठेवून बर्फात उभा आहे.

राइट बंधूंचे पहिले उड्डाण आणि हे उड्डाण यांची तुलना पुष्कळदा केली जाते आणि ती योग्यच आहे. एक फरक मात्र मोठा आहे. गॉडर्ड यांनी स्मिथ्सोनियनला कळविले आणि बातमी बाहेर फोडू नये अशी इच्छा दर्शविली. जगाला हे उड्डाण अधिकृतपणे समजले ते १९३६ मध्ये, दहा वर्षांनंतर. तोवर १९३१ साली जर्मनीत योहानेस विंकलर यांनी द्रवरूप इंधनाचा बाण उडविला होता आणि युरोपात त्याचेच कौतुक झाले होते. हेर्मान ओबर्ट या जर्मन भाषिक तरुणाने १९२२ मध्ये पत्र पाठवून गॉडर्ड यांच्याकडून पुस्तिका मागविली होती. गॉडर्ड यांनी ती पाठविली, आणि पुढल्या वर्षी ओबर्ट यांचे स्वतःचे पुस्तक निघाले तेव्हा आपले विचार परक्यांनी उचलल्याच्या शंकेने ते अस्वस्थ झाले. ओबर्ट यांनी पुस्तकात गॉडर्ड यांचा उल्लेख केला होता आणि त्यांची वाट बरीचशी स्वतंत्र होती, हेही येथे सांगितले पाहिजे. त्या पुस्तकाभोवती जर्मनीत मंडळ्या जमल्या, तरुण एकत्र आले. त्यांत वेर्नर फॉन ब्राउन नावाचा एक विद्यार्थी होता. वुस्टरमध्ये मात्र दार बंदच राहिले.

१७ जुलै १९२९ रोजी ऑबर्नच्याच शेतातून तापमापक, वायुभारमापक आणि छोटा कॅमेरा घेऊन एक मोठा बाण उडाला. आवाज इतका झाला, की विमान कोसळले असे समजून पोलीस आणि रुग्णवाहिका धावून आल्या. मागोमाग वार्ताहर आले, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये बाण उडविण्यास बंदी झाली. परंतु या गोंगाटामुळेच चार्ल्स लिंडबर्ग यांच्या कानी ही बातमी गेली. दोन वर्षांपूर्वी अटलांटिक एकट्याने ओलांडून जगप्रसिद्ध झालेल्या या वैमानिकाने नोव्हेंबरमध्ये गॉडर्ड यांची भेट घेतली आणि धनिक डॅनिएल गुगेनहाइम यांना गळ घातली. १९३० मध्ये चार वर्षांसाठी एक लाख डॉलरांचे आश्वासन मिळाले. गॉडर्ड दांपत्य आणि मोजके कारागीर न्यू मेक्सिको राज्यातील रॉझवेलला गेले. कोरडी हवा क्षयाच्या रोग्याला मानवणारी, माळ विस्तीर्ण, शेजार विरळ, आणि कोणी फारशी चौकशी न करणारे.

रॉझवेलची वर्षे हा त्यांच्या कर्तृत्वाचा मध्यान्ह होता. आर्थिक मंदीने १९३२ मध्ये पैसा आटला, दोन वर्षे क्लार्कला परत जाऊन शिकवावे लागले. तो खंड सोडल्यास १९४१ पर्यंत काम सतत चालले. ३० डिसेंबर १९३० ला पहिला बाण दोन हजार फूट गेला. नुसते वर जाणे पुरेसे नव्हते. सरळ जाणे अवघड होते. फिरत्या भोवऱ्याचा अक्ष दिशा बदलत नाही, या तत्त्वावर चालणारा जायरोस्कोप त्यांनी बाणात बसविला. बाण कलू लागला की तो मागील झोतात धरलेली पाती वळवी आणि बाण पुन्हा उभा होई. २८ मार्च १९३५ रोजी असा बाण ४,८०० फूट उंच जाऊन आला. ज्वलनकक्षाची भिंत जळू नये म्हणून तिच्या आतील बाजूवर इंधनाचाच पातळ पडदा सोडणे, इंधन ढकलण्यासाठी हलके पंप, संपूर्ण शेपूट वळविण्याची युक्ती, खाली येताना उघडणारी हवाई छत्री, हे सारे चार-पाच माणसांच्या त्या कर्मशाळेत घडले. बाणांना ते ‘नेल’ म्हणत. अपयशांची गणती अर्थातच यशाहून मोठी होती. सप्टेंबर १९३५ मध्ये लिंडबर्ग व हॅरी गुगेनहाइम मुद्दाम पाहायला आले तेव्हा नेल जागची उडाली नाही; पाहुण्यांसमोर तान्ह्या मुलाने रडावे तसे झाले. मार्च १९३७ मधील सर्वांत उंच उड्डाण नऊ हजार फुटांच्या आत-बाहेरचे होते.

याच कर्मशाळेत ऑगस्ट १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तंत्रविद्यापीठातील फ्रँक मलिना नावाचा तरुण विद्यार्थी आला. थिओडोर फॉन कारमान यांच्या हाताखाली त्याने व त्याच्या मित्रांनी अग्निबाणांचा अभ्यास आरंभिला होता. गॉडर्ड दांपत्याने त्याचे आतिथ्य उत्तम केले. उड्डाणाची जागा दाखविली, कर्मशाळा दाखविली. बाणाच्या अंतरंगाबद्दल मात्र फारसे काही सांगितले नाही. मध्येच गॉडर्ड यांनी टेबलातून एक कात्रण काढून पाहुण्यापुढे धरले. ते सोळा वर्षांपूर्वीचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे संपादकीय होते. मलिना रिकाम्या हाताने परतला. सहकार्याचे पुढील प्रयत्नही फळाला आले नाहीत. मलिना व त्याच्या मंडळींच्या कामातूनच पॅसाडिनाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली, आणि पंपांचे, पात्यांचे, थंडाव्याचे जे प्रश्न रॉझवेलला सुटले होते ते इतरत्र पुन्हा पहिल्यापासून सोडविले गेले.

या एकाकीपणाचा दोष केवळ वृत्तपत्रांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. शोध म्हणजे आपली मालमत्ता, हे पेटंटाचे संस्कार गॉडर्ड यांच्यावर लहानपणापासून होते. थोड्या आयुष्यात मंगळापर्यंतचा मार्ग स्वतःच आखून संपवावा, असा ध्यास होता. क्षयाच्या त्या दोन आठवड्यांच्या निदानानंतर हे समजू शकते. परंतु एकट्या माणसाने अभियंता, गणिती, रसायनज्ञ आणि कारागीर या सर्वांचे काम करावे, असा हा विषयच नव्हता. फॉन कारमान यांनी उत्तरायुष्यात असे मत मांडले, की आधुनिक अग्निबाणविद्येपर्यंत गॉडर्डपासून सरळ रेघ ओढता येत नाही. हे मत कठोर आहे, पण निराधार नाही. उलट बाजूने हेही पाहावे लागते, की मे १९४० मध्ये हॅरी गुगेनहाइम यांच्या मध्यस्थीने गॉडर्ड स्वतः सेनाधिकाऱ्यांकडे गेले आणि दूर पल्ल्याच्या अग्निबाणाविषयी त्यांनी आपले सर्व काम देऊ केले. तेव्हा दार बंद होते ते पलीकडून. जड विमानांना धावपट्टीवरून उठण्यास मदत करणारे लहान अग्निबाण, यापलीकडे कोणाला रस नव्हता. १९४२ मध्ये ॲनापोलिसला जाऊन त्यांनी आरमारासाठी तेच काम केले.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला बाल्टिक किनाऱ्यावरील पेनेम्युंडे येथून जर्मनांचा एक बाण ८० किलोमीटरहून अधिक उंच गेला. १४ मीटर लांब, साडेबारा टनांचा, मद्यार्क आणि द्रवरूप प्राणवायूवर चालणारा हा बाण ‘व्ही-२’ म्हणून सप्टेंबर १९४४ पासून लंडन आणि अँटवर्पवर कोसळू लागला. रॉझवेलला चार-पाच माणसे होती, पेनेम्युंडेला हजारो. आणि पुढे भूमिगत कारखान्यात तो बनविण्यासाठी जे कैदी राबविले गेले, त्यांतील हजारो तेथेच मेले. १९४५ च्या वसंतात हस्तगत केलेल्या व्ही-२ चे भाग ॲनापोलिसला आले. गॉडर्ड यांनी ते उघडून पाहिले. जायरोस्कोप, झोतातील पाती, पंप, इंधनाच्या पडद्याने थंड राखलेली भिंत. आपलेच यंत्र परक्यांनी मोठे करून बांधले आहे, अशी त्यांची खात्री झाली. इतिहाससंशोधकांना तसा पुरावा मिळालेला नाही; एकाच प्रश्नाला निसर्ग बहुधा एकच उत्तर देतो. पण मिळेल त्या पैशात तीस वर्षे खपलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

घशाची तक्रार जुनी होती. जूनमध्ये कर्करोगाचे निदान झाले. १० ऑगस्ट १९४५ रोजी, नागासाकीवर अणुबाँब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, बाल्टिमोरच्या रुग्णालयात गॉडर्ड यांचे निधन झाले. वय ६२ होते. जगाचे लक्ष त्या दिवशी अन्यत्र होते. वुस्टरच्या होप स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले.

दोनच महिन्यांनी, ११ ऑक्टोबरला, मलिना यांच्या मंडळींचा ‘वॅक कॉर्पोरल’ न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सवरून सुमारे ७० किलोमीटर उंच गेला. पुढील एप्रिलमध्ये त्याच माळावरून, अमेरिकेत आणलेल्या व्ही-२ ची उड्डाणे सुरू झाली. तेथे आता फॉन ब्राउन होते. या दोन प्रवाहांच्या संगमातून ३१ जानेवारी १९५८ ला अमेरिकेचा पहिला कृत्रिम उपग्रह ‘एक्सप्लोरर १’ आकाशात गेला: बाण फॉन ब्राउन यांच्या मंडळींचा, उपग्रह पॅसाडिनाच्या प्रयोगशाळेचा. रॉझवेलच्या कर्मशाळेतील कोणतेही यंत्र त्यात नव्हते.

गॉडर्ड मागे ठेवून गेले ते कागद. ते कागद हाती घेऊन एस्थर कामाला लागल्या. हयातीत पतीला ४८ पेटंटे मिळाली होती आणि ३५ अर्ज पडून होते. टिपणवह्या चाळून एस्थरनी आणखी १३१ पेटंटे मिळविली. एकूण संख्या २१४ झाली. अमेरिकेत अग्निबाण बांधताना यांतील कुठल्या ना कुठल्या पेटंटाला स्पर्श केल्यावाचून पुढे जाता येईना, आणि १९६० मध्ये सरकारने त्यांच्या वापरापोटी दहा लाख डॉलर दिले. स्वतःच्या संशोधनावर गॉडर्ड यांना जन्मभरात मिळालेल्या साऱ्या अनुदानांहून ही रक्कम मोठी होती. १९५९ मध्ये वॉशिंग्टनजवळ स्थापन झालेल्या अंतराळ केंद्राला त्यांचे नाव मिळाले. त्यांच्या दैनंदिन्या, पत्रे व अहवाल एस्थरनी एडवर्ड पेंड्रे यांच्या सहकार्याने संपादित केले. १९७० मध्ये त्यांचे तीन जाड खंड निघाले. जे त्यांनी कोणाला वाचू दिले नव्हते, ते अशा रीतीने ग्रंथालयांच्या कपाटांत येऊन सर्वांना खुले झाले.

१६ जुलै १९६९ रोजी ११० मीटर उंचीचा, तीन टप्प्यांचा ‘सॅटर्न ५’ अपोलो ११ ला घेऊन उठला. त्याच्या पहिल्या टप्प्यात रॉकेल आणि द्रवरूप प्राणवायू होता. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक लहानशी दुरुस्ती छापली: अग्निबाण निर्वातातही चालतो हे आता निश्चित झाले असून १९२० मधील चुकीबद्दल खेद वाटतो, असा तिचा आशय होता. तिघा प्रवाशांपैकी एडविन ऑल्ड्रिन यांचे वडील क्लार्क विद्यापीठात गॉडर्ड यांचे विद्यार्थी होते. मुलाने सोबत अगदी लहान आकाराचे एक पुस्तक नेले होते. ते वुस्टरच्या एका प्रकाशकाने १९६६ मध्ये छापलेले गॉडर्ड यांचे छोटे आत्मचरित्र होते. त्याच वर्षी मे महिन्यात क्लार्क विद्यापीठात नव्या ग्रंथालयाचे उद्घाटन झाले होते. त्या इमारतीला नाव दिले आहे रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड यांचे.